पुंगळी

माणसाचं वय कुठवर आलं हे त्याला मिळणाऱ्या भेटवस्तूंवरून ओळखावं. लग्नात मला एकवीस स्टीलचे डबे आणि तीन गजराची घड्याळं मिळाली. म्हणजे लोकांची अपेक्षा होती की हा खाईल आणि वेळेवर उठेल. सेवानिवृत्तीला शाल, श्रीफळ आणि विठ्ठलाची मूर्ती मिळाली. म्हणजे आता हा नाही उठला तरी चालेल. आणि सत्तरी उलटल्यावर परवा भाच्याने मला बंदुकीची गोळी भेट दिली. यातून काय अर्थ काढायचा तो वाचकांनी काढावा. मी काढून पाहिला आणि दोन दिवस जेवलो नाही.

गोळी म्हणजे अगदी गोळी नव्हे. ते पेन होतं. भाचा जळगावला एमआयडीसीत लेथवर काम करतो. हात चांगला आहे त्याचा. काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्या एकमेकींना जोडून, घासूनपुसून सोन्यासारख्या लखलखीत करून, आत रिफिल बसवून त्याने पेन तयार केलं होतं. पुढच्या टोकाला तांब्याच्या रंगाची खरीखुरी गोळी, आणि तिच्या नाकातून रिफिलचं टोक डोकावणारं. खटका दाबला की शाई सुटते.

"मामा, तुम्ही लिहिता ना, म्हणून," तो म्हणाला.

मी लिहितो म्हणजे एरंडोलहून वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. त्यांतली चार-पाच छापून आली आहेत आणि भाच्याच्या दृष्टीने त्यामुळे मी साहित्यिक आहे. पेन हातात घेतलं तर चांगलंच वजनदार लागलं. आयुष्यात प्रथमच माझ्या लेखनाला वजन आलं म्हणायचं. कौतुक केलं, त्याला शेवभाजी खाऊ घातली, बसमध्ये बसवून दिलं. घरी आलो तर सौभाग्यवती पेनाकडे बोट न लावता लांबूनच पाहत होत्या.

"याने कोणाला मारलं असेल का हो?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला सुचला नव्हता. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. मूलभूत प्रश्न त्या विचारतात आणि मी त्यांची उत्तरं शोधत गावभर फिरतो, अशी आमच्या घरची विभागणी आहे. शेजारी अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, पण एरंडोलच्या माणसाला तत्त्वज्ञानासाठी एवढ्या लांब जायची गरज पडत नाही. त्याला चहाची टपरी पुरते. पेन खिशाला लावून मी टपरीवर गेलो.

तिथे वरणगाववाले काका बसले होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : आमचा जळगाव जिल्हा केळी, भरीत आणि सोनं यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच जिल्ह्यात भुसावळपासून जवळ वरणगावला रायफलींची काडतुसं करण्याचा सरकारी कारखाना आहे, हे केळी खाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. काकांनी तिथे तीस वर्षं नोकरी केली, तीही तपासणी विभागात. २०२१ साली सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. त्यांत वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळचा कारखाना यंत्र इंडियाकडे. तेव्हा मुलगी सासरी गेल्यासारखे काका महिनाभर गप्प होते.

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पेन उलटं धरून त्याचा बूड पाहिला. माणसं पेनाचं टोक पाहतात, काकांनी बूड पाहिला.

"भो, हाई ते वाजेल शे," ते म्हणाले. काका खुशीत आले की अहिराणीत बोलतात. मग मला समजावं म्हणून त्यांनी शुद्धात सांगितलं, "बुडाला मध्यभागी ही बारीक टोपी दिसते ना? तिच्यावर ठेच आहे. म्हणजे घोड्याचा खिळा तिच्यावर पडून गेलेला आहे. ठेच नसती तर मी हे पेन हातातसुद्धा घेतलं नसतं. आतली मुख्य दारू काढली तरी टोपीतली चिमूटभर जिवंत राहते, आणि ती चिमूट ठोक्याने पेटते. तापली तरी पेटते. लेथवर धरली असती तर? बोट जातं, डोळा जातो. भाच्याला सांगून ठेव, न वाजलेल्या काडतुसाला हात लावायचा नाही. कारागिरी त्यात नाही."

मी भाच्याला तिथूनच फोन केला. "मामा, वाजलेल्याच होत्या, भंगारवाल्याकडून घेतल्या, किलोवर," तो म्हणाला.

"धातू चांगला असतो हो," काका पेन गोंजारत म्हणाले. "सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. या पितळाचं इंग्रजी नावच मुळी काडतुसाचं पितळ. पत्रा ताणावा तसा ताणला जातो, फाटत नाही."

पितळाचं ऐकून मला आमच्या आजीची घागर आठवली. स्टीलचा जमाना आला तेव्हा आईने घरची सगळी पितळी भांडी मोडीत दिली होती. मोडीतलं पितळ कुठे जातं कोणास ठाऊक! आजीच्या घागरीचं काडतूस झालं नसेलच असं कोणी सांगावं? आणि तसं असेल तर सौ.च्या प्रश्नाचं उत्तर आणखी अवघड होतं. ज्या धातूने पन्नास वर्षं पाणी पाजलं आणि एकदा गोळी मारली, त्याच्या खात्यावर काय लिहायचं?

मी काकांना विचारलं, "तुम्ही तपासलेल्या काडतुसांनी किती माणसं मेली असतील?" प्रश्न तोंडातून गेल्यावर मला वाटलं की विचारायला नको होता. काका रागावले नाहीत. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "माझ्याकडे माप होतं," ते म्हणाले. "मापात बसेल ती पुढे, न बसेल ती बाजूला. सरहद्दीवरच्या पोराची रायफल ऐन वेळी अडकू नये एवढं मी पाहत होतो. गोळी कुठे लागावी याचं माप माझ्याकडे नव्हतं." थोडं थांबून म्हणाले, "तीस वर्षं रोज गेटावर झडती दिली. एक पुंगळी घरी आणली नाही."

या शेवटच्या वाक्यावर मला ठसका लागला. त्याचं कारण पुढे येईल.

टपरीवरून मी वकीलसाहेबांकडे गेलो. वकीलसाहेब माझे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांना मी एकेरीत बोलावतो, पण अशील बसले असले की 'वकीलसाहेब' म्हणतो. पेन पाहताच त्यांनी ते टेबलावर ठेवायला लावलं, आपल्या हातात घेतलं नाही.

"१९५९ चा शस्त्र कायदा," त्यांनी सुरुवात केली. वकिलाने साल सांगून सुरुवात केली की समजावं, चहा येणार आहे. "दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागसुद्धा येतात. नुसती जिवंत काडतुसं नव्हेत. आणि दारूगोळा बाळगायला परवाना लागतो."

"म्हणजे मी गुन्हेगार?"

"थांब. कलम ४५. दारूगोळ्याचे किरकोळ भाग, ज्यांचा त्यांच्या जोडीच्या दुसऱ्या भागांसह वापर करण्याचा इरादा नाही, ते बाळगायला हा कायदा आड येत नाही. तुझा इरादा काय?"

"पत्रं लिहिण्याचा."

"तुझी पत्रं मी वाचली आहेत, पण त्यांना कायद्यात शस्त्र धरत नाहीत," ते म्हणाले. "तरी पावती ठेव."

"भंगाराची पावती?"

"तीच. पुंगळी आली कुठून, हा पहिला प्रश्न असतो. पोलीस असोत, लष्कर असो, गोळीबाराचा सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात. झाडलेल्या जितक्या, तितक्या पुंगळ्या. हिशेबातली निसटून बाजारात आलेली असेल तर भाच्याने तिचं पेन करो नाहीतर कर्णफूल करो, ती चोरीचीच. आणि दुसरं, हे घेऊन विमानात बसू नकोस. तिथे खरं-खोटं नंतर ठरतं, आधी गाडी चुकते."

मग ते रंगले. विमानतळावर लोकांच्या सामानात एखादं विसरलेलं काडतूस सापडतं, गुन्हा दाखल होतो आणि माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. दिल्ली उच्च न्यायालयाने अशी कितीतरी प्रकरणं रद्द केली, कारण त्या माणसाला बॅगेत काडतूस असल्याचा पत्ताच नव्हता. "नुसती वस्तू जवळ असून भागत नाही, तिची जाणीव लागते. जाणीवपूर्वक ताबा. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलालच्या खटल्यात हे सांगून ठेवलं. आणि याची दुसरी बाजूही सांगितली. वस्तू अंगावर नसली, दुसरीकडे ठेवलेली असली, पण ती आहे हे तुला माहीत आहे आणि ती तुझ्या हुकमात आहे, तर ताबा तुझाच."

"१९७२?" मी विचारलं.

"बहात्तर. का रे?"

"काही नाही. दुष्काळाचं साल," मी म्हणालो आणि चहा न घेता उठलो.

आता सांगतो. त्या साली मी कॉलेजात होतो आणि एनसीसीत होतो. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली केलेली एनसीसीची सक्ती १९६८ मध्येच उठली होती. तेव्हा मी देशभक्तीने गेलो असं म्हणायला वाव आहे, पण परेडनंतर नाश्ता मिळत असे. घरी मिलोच्या भाकरी चालल्या होत्या त्या दिवसांत पुरी-भाजीसाठी मी सरहद्दीवरही गेलो असतो. शिबिरात एकदा थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. चार मी डोळे मिटून झाडल्या. पाचवी कुठे गेली ते निशाणाला कळलं नाही, माझ्या खांद्याला कळलं. उठताना गवतात पडलेली एक गरम पुंगळी मी खिशात टाकली.

का टाकली? तिच्या तोंडाशी आडवी फुंकर मारली की झकास शिट्टी वाजते, हे एक. दुसरं असं की, आखूड झालेली पेन्सिल कागदाची घडी गुंडाळून तिच्यात बरोबर बसते. आमच्या घरी पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत वापरायची असा दंडक होता. पुंगळीमुळे तिचं आयुष्य महिन्याभराने वाढणार होतं.

हवालदारसाहेबांनी पुंगळ्या मोजायला लावल्या. एक कमी भरली. पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा एक कमी. मग साठ पोरं ओळीने गवतात गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो. मीही शोधत होतो, आणि इतरांपेक्षा जास्त मन लावून. शेवटी मोजणीची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या कॅडेटला रायफल डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. त्याने मारल्या. पाचवीनंतर तो रडत होता. मी पाहत होतो आणि माझा हात खिशात होता.

तो कॅडेट म्हणजे आमचे वकीलसाहेब.

ती पुंगळी अजून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ती आहे हे मला माहीत आहे आणि ती माझ्या हुकमात आहे. सर्वोच्च न्यायालयाला माझी ट्रंक कशी कळली असेल याचं मला त्या रात्री फार आश्चर्य वाटलं.

झोप लागेना म्हणून वाचत बसलो. पुंगळीत पेन्सिल खुपसण्याचा शोध माझा नव्हताच. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्यांतून भेटी गेल्या. त्यांतल्या काही डब्यांत थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीत बसवलेली पेन्सिल होती. आघाडीवरच्या हिंदी शिपायांना मात्र खडीसाखर आणि मसाल्याची डबी दिली. मसाला पाहून आपल्या माणसांना बरंच वाटलं असेल. पण पत्र तेही लिहीत होते की!

आणि अलीकडची गोष्ट कोलंबियाची. अर्ध्या शतकाच्या यादवीनंतर २०१६ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने आणि बंडखोरांनी करार केला, तो गोळ्यांच्या पुंगळ्यांपासून केलेल्या पेनांनी सह्या करून. गोळ्यांनी आमचा भूतकाळ लिहिला, भविष्य शिक्षण लिहील, अशा अर्थाचं काही त्या पेनांवर कोरलेलं होतं. माझे डोळे पाणावले. पान उलटलं तर पुढे असं की सहाच दिवसांनी जनतेने सार्वमतात तो करार निसटत्या बहुमताने नाकारला. मग दुरुस्त्या करून नोव्हेंबरात पुन्हा सह्या कराव्या लागल्या. नुसतं पेन पुंगळीचं असून भागत नाही. मजकूरही पाहावा लागतो, हे मला वर्तमानपत्रांच्या संपादकांनी पूर्वीच कळवलेलं आहे.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. आपल्याकडे न्यायाधीश फाशीची शिक्षा सुनावल्यावर सही केलेल्या पेनाचं निब मोडतात. कायदा नाही, रिवाज आहे. ज्या लेखणीने माणसाचा जीव घेतला ती पुन्हा कशाला वापरायची नाही. इथे गोळीचं पेन झालं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि तिथे पेनाची गोळी झाली म्हणून निब मोडतो. म्हणजे वस्तूला काही चिकटतं, असं आपण मानतो तर! मग मी कचेरीत छत्तीस वर्षं दोन रुपयांच्या बॉलपेनने 'सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे' असं लिहीत होतो, त्याचं काय? एक विधवा बाई तीन वेळा आली होती. कागद अपुरे होते, नियमात बसत नव्हतं. माझ्याकडेही काकांसारखं माप होतं. मापात बसेल ते पुढे. त्या बॉलपेनचं टोक मी मोडलं नाही. संपल्यावर रिफिल बदलली.

भाच्याच्या पेनाने, काकांच्या सांगण्याप्रमाणे, बहुधा मातीच्या ढिगाशिवाय कोणाला इजा केलेली नसावी. सरावातली पुंगळी असणार. सौ.ना मी तसं सांगितलं. "मग तुम्ही का झोपत नाही?" त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात लेकीकडे बंगळूरला जायचं होतं. वकीलसाहेबांचा सल्ला मला तोंडपाठ होता आणि पेन सवयीने खिशाला होतं. एका विमानतळावर आमच्या पिशव्या यंत्रातून गेल्या. पडद्यावर धान्य-भाजीपाला नारिंगी दिसतो आणि धातू निळा. सौ.नी लेकीसाठी घेतलेली भरिताची वांगी नारिंगी दिसली आणि सुखरूप गेली. माझं जाकीट मात्र थांबलं.

"अंकल, ये क्या है?"

"पेन."

जवानाने पेन उलटं करून बूड पाहिला. मला एकदम काका आठवले. त्याने साहेबांना बोलावलं. साहेब तरुण होते, पण नम्र होते. ते म्हणाले, पेन आहे हे दिसतंय, पण दारूगोळा किंवा त्याच्यासारखं दिसणारं काहीही आत नेता येत नाही. मी पावती काढून दाखवली. त्यावर 'भंगार, पितळ, दीड किलो' एवढंच लिहिलं होतं. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि हसू दाबलं. पेन इथेच सोडा आणि नोंदवहीत तसं लिहा, म्हणाले. नोंदवही आली. तिला दोरीने बांधलेलं पेन उठेना. जवानाने झटकलं, हातावर घासलं, तरी उठेना. तेव्हा साहेबांनी इकडेतिकडे पाहून माझंच पेन माझ्या हातात दिलं. पुंगळीचं पेन मी स्वखुशीने सोडून जात आहे, असं पुंगळीच्या पेनानेच लिहून मी ते टेबलावर ठेवलं. अक्षर फार सुरेख आलं होतं. भाच्याचा हात खरंच चांगला आहे.

परत आल्यावर ट्रंक उघडली. पुंगळी काळवंडली होती, आत पेन्सिलीचा तुकडा तसाच होता. खिशात टाकून वकीलसाहेबांकडे गेलो. अशील नव्हते. टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गवतात मन लावून शोधत होतो तेही सांगितलं, कारण मला तेच जास्त लागलं होतं.

तो बराच वेळ पुंगळीकडे पाहत राहिला. या खेपेला त्याने ती हातात घेतली. बुडावरची ठेच अंगठ्याने चाचपली, ओठांशी नेऊन फुंकर मारली. पेन्सिल असल्यामुळे वाजली नाही.

"मुदत कधीच संपली," तो म्हणाला. "खटला उभा राहत नाही."

"ते मला माहीत आहे."

"माझं नाव नंतर कशालाच पुढे पाठवलं नाही. तेही जाऊ दे. हवालदार म्हणाला होता, तुला मोजता येत नाही. ते मात्र मी घरी कोणाला सांगितलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाला, "उद्या सकाळी साडेपाचला ग्राउंडवर ये. दहा फेऱ्या."

"रायफल?"

"छत्री चालेल."

मला वाटलं, गंमत करतोय. सकाळी गेलो तर स्वेटर घालून, कानटोपी बांधून हजर. मी छत्री डोक्यावर आडवी धरली. पळणं आमच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून चालत निघालो. तो कडेला उभा राहून मोजत होता. चौथ्या फेरीला दुधवाले थांबून पाहू लागले. सहाव्या फेरीला माझे हात थरथरायला लागले, तरी छत्री खाली घेतली नाही. सातव्या फेरीपासून तो कडा सोडून माझ्याशेजारी चालू लागला, न बोलता. शेवटची फेरी संपली तेव्हा काठावरच्या बाकावर आम्ही दोघेही धापा टाकत बसलो.

"झाल्या?" मी विचारलं.

त्याने बोटांवर पुन्हा हिशेब केला.

"एक कमी भरतेय," तो म्हणाला.